अण्णांच्या पेट्या आणि माझा सेफ्टी फॅक्टर

मी चिडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (सांगून ठेवतो म्हणजे ठेवतो. मध्येच ‘पण’ काढायचा नाही.) माणूस चिडका असणं वेगळं आणि त्याच्या आजूबाजूला सगळी चीड आणणारीच माणसं असणं वेगळं. माझं दुसरं आहे. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं मेंटेनन्स बघतो. अडीचशे टनांचा प्रेस अडला की प्लांट हेड स्वतः फोन करतो, “श्रीपादराव, जेवत असाल तर ताट तसंच ठेवा आणि या.” आणि घरी? घरी मिक्सर घरघरला तर माझी बायको, चारुलता, मला ओलांडून शेजारी जाते आणि विचारते, “तुमच्याकडे रिपेअरला कोण येतं हो?” मी समोर सोफ्यावर बसलेला असतो. पान्यासकट.

तर हे सगळं सुरू झालं सासूबाईंच्या फोनवरून. त्या राजगुरुनगरला असतात. येत्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी, ती आमच्या मोशीच्या फ्लॅटवर करायची ठरलं होतं. चारूने विचारलं, “आई, तुला काय हवं?” सासूबाई म्हणाल्या, साडी नको, दागिना नको, मोठं जेवणही नको. “मला फक्त यांचा आवाज ऐकायचाय. मिहिरच्या बारशाची कॅसेट मी घेऊन येते. यांच्या स्टिरिओवर लावा.”

‘हे’ म्हणजे माझे सासरे अण्णा. राजगुरुनगरच्या शाळेत मुख्याध्यापक होते, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा स्टिरिओ तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये आहे. एक कॅसेटचा डेक, एक ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर, ज्यांना सासूबाई पेट्या म्हणतात. संध्याकाळी त्या दोन पेट्यांच्या मधोमध दोन खुर्च्या टाकून तीस वर्षं ते दोघं बसले. मिहिर, म्हणजे आमचा मुलगा, हिंजवडीला आयटीत आहे. तो म्हणाला, “आजी, कॅसेट मला दे, मी मोबाइलवर घेऊन देतो, कधीही ऐक.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “मोबाइलमधून सगळीच माणसं परगावी असल्यासारखी बोलतात. मला ते घरात असल्यासारखे ऐकायचेत.” कॅसेट त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. ती त्यांच्या पर्समध्ये असते.

मला अण्णांच्या स्टिरिओबद्दल फारसं प्रेम नव्हतं, हे कबूल करतो. कारण हयात असेपर्यंत अण्णांनी मला त्याला बोट लावू दिलं नाही. का? तर पहिल्या दिवाळसणाला मी त्यांचा रेडिओ खरखरतो म्हणून उघडला होता. जोडताना तीन स्क्रू उरले. (ते मुळातच जास्तीचे होते, हे माझं आजही मत आहे.) रेडिओ पुन्हा बोलला नाही आणि अण्णाही दिवाळी संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर माणसाने आयुष्यभर डूख धरावा का? जावई म्हणून सोडा, इंजिनिअर म्हणून तरी काही मान आहे की नाही?

सोमवारी संध्याकाळी आम्ही स्टिरिओ लावून बघितला. चारूच्या शाळेच्या गॅदरिंगची एक जुनी कॅसेट होती. सुरुवात बरी झाली, पण तबला वाजायला लागला तसे स्पीकर फर्रर्र फर्रर्र करू लागले. मी जाळी काढली. पडद्याभोवतीची फोमची कड पार कुजून गेली होती, बोट लावलं की भुगा.

चारू म्हणाली, “कादरभाईंना दाखवू या. अण्णा नेहमी त्यांच्याकडेच न्यायचे.”

बस. इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. चिंचवड स्टेशनजवळ गाळ्यात बसणारा कादर! अण्णांना तो चालायचा. राजगुरुनगरहून एसटीने ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन, टॉवेलात गुंडाळून, ते त्याच्याकडे जायचे. घरातला जावई चालायचा नाही!

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “नवे स्पीकर मी आणतो. मी बसवतो. विषय संपला.”

“अहो, पण त्या ॲम्प्लिफायरला कुठले चालतील ते...”

“चारू, मी सव्वीस वर्षं काय गोट्या खेळतोय का?”

ती स्वयंपाकघरात गेली. चारू चिडली की ओरडत नाही, जास्तीच्या पोळ्या लाटते. त्या दिवशी आमच्याकडे एकवीस पोळ्या झाल्या.

आता आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. जी वस्तू कामाची नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि जागा मोकळी करायची. ऑडिटच्या आधी आम्ही निम्म्या शॉपला लाल चिठ्ठ्या लावतो. ही पद्धत मी घरीही आणली होती. (एकदा चारूने गुपचूप एक चिठ्ठी माझ्या शर्टाच्या पाठीला लावली आणि मी ती घेऊन सोसायटीच्या मीटिंगला जाऊन आलो. पण तो विषय इथे नको.) मंगळवारी सकाळी चारू शिकवायला शाळेत गेल्यावर मी अण्णांच्या दोन्ही पेट्यांना लाल चिठ्ठ्या लावल्या आणि बाहेर काढल्या. आमच्याकडे काम करणारी जाईबाई लादी पुसत होती.

“दादा, टाकून देणार व्हय ह्ये?”

“हो. कामाचं नाही.”

“मंग मला द्या की. दणकट लाकूड हाय.”

“ने,” मी म्हणालो, आणि तिच्या नवऱ्याने दुपारी टमटम आणून त्या नेल्यासुद्धा. इतकी झटपट जागा मोकळी आमच्या कंपनीत कधी झालेली नाही.

चारू शाळेतून आली. “पेट्या कुठायत?”

“जाईबाईला दिल्या. उद्या नवे येतायत.”

चारूने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि कणकेचा डबा उघडल्याचा आवाज आला.

बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून मी थेट दुकानात गेलो. चकाचक दुकान, एसी, आणि टाय लावलेला सेल्समन. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, ॲम्प्लिफायर किती वॅटचा आहे?”

“तीस. मागे पाटीवरच लिहिलंय. एका बाजूला तीस वॅट, आठ ओम.”

“मग सर, चाळीस-पन्नासच्या आसपासचे, आठ ओमचे बघू या. आवाजाला हलके असतात...”

“थांबा,” मी म्हणालो. मला इथे त्याची कीव आली. “तुम्ही कधी प्रेसची एक टनाची डाय, म्हणजे साचा, उचललीये का? एक टनाची डाय असली तर साखळी किती टनाची लावतात?”

“सर, मी बी.कॉम. आहे.”

“पाच टनाची! याला सेफ्टी फॅक्टर म्हणतात. पाच पट. तीस पंचे?”

“दीडशे,” तो म्हणाला. (बी.कॉम. असल्याने पटकन आलं.)

“दीडशेचे दाखवा.”

त्याने दाखवले. काळेभोर, कंबरेइतके उंच, उचलायला दोन माणसं. दुकानात लावले तेव्हा छातीत धडधडलं. मागे वाचलं तर चार ओम लिहिलेलं. सेल्समन म्हणाला, “सर, हे चार ओम आहेत, तुमची पाटी आठ म्हणतेय.” आता पाटीवर आठ लिहिलं असेल तर ती कमाल मर्यादा, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल. आठची परवानगी असताना आपण चारच वापरतोय, म्हणजे अर्ध्यातच भागलं. सेफ्टीवर सेफ्टी! मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने बिल केलं. बिलावर खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. मी वाचलं नाही, कारण चष्मा गाडीत होता आणि माझा मूड चांगला होता. माझा मूड चांगला असण्याची त्या आठवड्यातली ती शेवटची वेळ.

गुरुवारी संध्याकाळी मी वायर जोडल्या. लाल लालला, काळी काळीला. चारू हात बांधून दारात उभी. गॅदरिंगची कॅसेट लावली.

आवाज आला. म्हणजे आला असं मला वाटलं.

“चालू झालं का?” चारूने विचारलं.

“ऐकू येत नाही का तुला?”

“येतंय. कुकरची शिट्टी थांबली की येतंय.”

हे काय भलतंच? दीडशे वॅटचे स्पीकर, आणि आवाज शेजारच्या बंद खोलीत कुणी कुजबुजतंय असा! मी आवाजाचं बटण फिरवलं. थोडं. मग अजून थोडं. ते स्पीकर एवढे जड होते की हलायलाच तयार नव्हते. आता माझंही डोकं फिरलं. दीडशे वॅटचा ढोल्या माझ्यासमोर माजतो? मी बटण शेवटपर्यंत पिळलं.

“अहो, नका, नका!” चारू ओरडली.

“काही होत नाही! पाच पट आहे!”

आवाज मोठा झाला खरा. पण तो गाण्याचा राहिला नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा कर्रर्र झाला, वरच्या छोट्या स्पीकरमधून टक् टक् असं दोनदा आलं आणि मग तिथून काहीच येईना. ॲम्प्लिफायरला मी हात लावला आणि चटका बसून ‘आई गं’ म्हटलं. तेवढ्यात करपल्याचा वास आला, त्याच्या तोंडावरचा हिरवा दिवा विझला आणि घर शांत झालं.

“दूध लागलं वाटतं,” मी म्हणालो.

“दूध फ्रिजमध्ये आहे,” चारू म्हणाली. “अहो, रविवारी आई येणारे. तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं. तुम्ही अण्णांच्या पेट्या घालवल्यात आणि आता ॲम्प्लिफायर जाळलात. तिला मी काय ऐकवू? तुमचं ओरडणं?”

मला ओरडायचं होतं. खरंच सांगतो, तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पोळ्याही ती लाटायला गेली नाही. ती पोळ्या लाटत नाही म्हणजे प्रकरण फार पुढे गेलेलं असतं.

शुक्रवारी रजा टाकली. आधी दुकानात गेलो आणि तिथे मात्र सगळा साठलेला राग काढला. “तुमचा माल भंगार आहे! एका दिवसात वरचे दोन्ही छोटे स्पीकर मेले!” सेल्समनने शांतपणे बिल उलटं केलं आणि बारीक अक्षरं वाचून दाखवली: जळालेला स्पीकर परत घेतला जाणार नाही. मग म्हणाला, “सर, मी तेव्हाच सांगत होतो. तुम्ही डायचं बोलत होता.” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी ताडताड बाहेर आलो आणि चुकीच्या गाडीचं दार दोन मिनिटं ओढत राहिलो.

मग उरला कादर. ॲम्प्लिफायर मी टॉवेलात गुंडाळून नेला. (मुद्दाम नाही. हाताला तोच लागला.) चिंचवड स्टेशनजवळचा तो गाळा, वर ‘इफ्फत साउंड सर्व्हिस’ असा बोर्ड. इफ्फत ही त्याची मुलगी. कादरभाई साठीचा माणूस, पांढरी दाढी, कपाळावर भिंग चढवलेलं. त्याने टॉवेल उघडला आणि ॲम्प्लिफायरवर हात ठेवला.

“हा तर मास्तरांचा. राजगुरुनगरवाल्या मास्तरांचा. तुम्ही?”

“जावई.”

“अच्छा, अच्छा,” तो म्हणाला, आणि एवढं गोड हसला की मला कळलं, रेडिओची गोष्ट इथपर्यंत पोहोचलेली आहे. तीन स्क्रूंसकट.

त्याने झाकण काढलं, मी काय काय केलं ते विचारलं, आणि मी सांगितलं. सेफ्टी फॅक्टरही सांगितला. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. ही माणसं न बोलता जास्त चीड आणतात.

“साहेब,” शेवटी तो म्हणाला, “तुमचा हिशोब साखळीला बरोबर आहे. साखळी नुसती लटकून राहते. स्पीकरला हलावं लागतं. एवढा जड स्पीकर हलवायला याच्यात दम नव्हता. मोठा स्पीकर वाईट नसतो, पण हा आवाजाला फारच जड होता.”

“आणि ओम? ओम तर मी निम्मेच घेतले!”

“तीच तर गडबड झाली ना. ओम म्हणजे अडवणूक. आठ लिहिलंय म्हणजे आठच्या खाली उतरायचं नाही. तुम्ही चारचा लावला, तर याच्यातून करंट दुप्पट ओढला गेला. हा तापला. वर तुम्ही बटण फुल केलं. मग हा बिचारा आपल्या ताकदीबाहेर ओरडायला लागला, आवाज फाटला. फाटका आवाज मोठ्या स्पीकरचं काही बिघडवत नाही साहेब, जळतात ते बाजूचे लहान. तीसवाल्याने तीसमध्येच बोलावं. ओरडायला गेला की घरच्यांचं नुकसान आणि स्वतःचंही.”

हा ॲम्प्लिफायरबद्दलच बोलतोय ना? त्याच्या तोंडावरची रेष हलली नव्हती.

“रविवारी दुपारपर्यंत होईल का?” मी विचारलं. आणि मग, का कोण जाणे, सगळंच सांगितलं. सासूबाई, पंचाहत्तरी, पर्समधली कॅसेट. कादरभाईने भिंग खाली केलं.

“ॲम्प्लिफायर होईल. फ्यूज गेलाय आणि एका बाजूचा ट्रान्झिस्टर. पण स्पीकर मास्तरांचेच पाहिजेत. मी नवा फोम चिकटवतो. डिंक सुकायला एक रात्र लागते, म्हणजे उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे आणा. कुठायत?”

“आहेत,” मी म्हणालो. “जरा... दुसरीकडे आहेत.”

शनिवारी सकाळी ते दोन काळे राक्षस गाडीत कोंबून मी मोशी गावठाणात जाईबाईच्या घरी गेलो. नेले एवढ्यासाठी की ते आमच्या हॉलमध्ये दिसले की चारू तोंड फिरवत होती. जाईबाईचं घर नीटनेटकं. दारात तुळस, आत टीव्ही, आणि कोपऱ्यात फ्रिज. फ्रिज अण्णांच्या दोन पेट्यांवर उभा होता. पेट्यांवर तिने फुलाफुलांचं प्लास्टिक घातलं होतं. माझ्या लाल चिठ्ठ्या अजून तशाच होत्या.

“जाईबाई, या पेट्या परत पाहिजेत.”

“अवो दादा, असं कसं? दिल्यालं परत मागत्यात व्हय? पावसात खाली पानी येतं घरात, म्हनून फ्रिज उचलून ठिवला.”

“अगं, पण मला आत्ताच्या आत्ता पाहिजेत!”

“मंग फ्रिज कशावर ठिवू? डोक्यावर?”

इथे माझा ताबा सुटला. आठवडाभराचा सगळा राग, सेल्समनचा, कादरचा, अण्णांचा, ओमचा, तिच्यावर निघाला. मी काय बोललो ते आठवत नाही, पण गल्लीतली दोन कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. जाईबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “झालं? एवढं वरडू नका दादा, फ्रिजमधी दूध हाय, नासंल. पेट्यांचं काय हाय त्ये नीट सांगा.”

मी उंबऱ्यावर बसलो. नीट सांगितलं. तिने मध्येच पदर तोंडाला लावला.

“आगं बया! म्हातारीला नवऱ्याचा आवाज ऐकायचाय, आन तुमी त्ये मला दुसरंच काहीबाही वरडून सांगाय लागलाय? आधी बोलायचं न्हाई व्हय? घिऊन जा की.” मग ती थांबली. “पर फ्रिजचं काय?”

मी गाडीकडे गेलो आणि डिकी उघडली. जाईबाईने त्या काळ्या स्पीकरवर दोन बुक्क्या मारून बघितल्या.

“ह्ये दणकट हायेत. किती झेलत्याल?”

“दीडशे,” मी म्हणालो.

काय दीडशे, ते तिने विचारलं नाही. तिच्या नवऱ्याने आणि मी मिळून फ्रिज उतरवला, नवे स्पीकर आडवे टाकले आणि त्यांच्यावर फ्रिज ठेवला. ठिम्म हलला नाही. सेफ्टी फॅक्टर अखेर कामाला आला. जाईबाईने वर फुलाफुलांचं प्लास्टिक घातलं आणि मला चहा दिला. चहा चांगला होता, हे मला रागातही कळलं.

रविवारी अकरा वाजता कादरभाई स्वतः रिक्षाने आला. ॲम्प्लिफायर आणि दोन्ही पेट्या, पुसून लख्ख केलेल्या. वर फ्रिजच्या पायांचे दोन-दोन गोल वण तेवढे राहिले होते, त्यावर चारूने क्रोशाचे रुमाल घातले. त्याने वायर जोडल्या. मी मदतीला पुढे झालो तर तो अदबीने म्हणाला, “तुम्ही बसा ना साहेब, मेहनत झाली तुमची.” चारूने त्याला जेवायला थांबवून घेतलं. जाईबाईही आली होती, नवं लुगडं नेसून. मला वाटलं पुऱ्या तळायला आली. ती पहिल्या रांगेत बसली.

मिहिर आजीला घेऊन आला. चारूने ओवाळलं. सासूबाई पेट्यांसमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीत बसल्या. उजवीकडची त्यांनी कुणाला बसू दिली नाही. पर्स उघडली, कॅसेट काढली आणि सरळ कादरभाईच्या हातात दिली. (माझा हात पुढे होता. तो मी केसांतून फिरवला.)

टेप फिरायला लागली. आधी नुसती सुस्स. मग भांडी वाजली, बायकांचं हसणं आलं. आणि मग उजवीकडच्या पेटीतून अण्णा खाकरले. अगदी तसेच, चहा पिण्याआधी खाकरायचे तसे.

“हॅलो, हॅलो. चालू आहे ना हे? आज आमच्या नातवाचं बारसं आहे...”

सासूबाईंनी डोळे मिटले. चारूने आईचा हात घट्ट धरला. पण अण्णांचा आवाज मला किंचित लहान वाटला. म्हातारीला नीट ऐकू जायला नको का? मी हळूच उठलो, वाकलो, आणि बटणाकडे हात नेला.

“श्रीपादराव! हात लावू नका!”

अण्णा. पेटीतून. सव्वीस वर्षांपूर्वीचे.

मी हात असा मागे घेतला की शेजारच्या फुलदाणीला लागला. अण्णा पुढे बोलतच होते, “माझा रेडिओ गेला तो गेला, आता याला तरी सोडा. बसा बघू तिकडे. आणि एवढं रागवायला काय झालं?”

मग टेपवर तिसरा आवाज आला. तरुण, तावातावाचा, माइकच्या अगदी तोंडाशी:

“मी रागावलेलो नाही! मी चिडका नाहीचे मुळी! आजूबाजूची माणसंच...”

पुढचं काही कळलं नाही, कारण तो आवाज फाटून नुसता कर्रर्र झाला आणि मागे तान्हा मिहिर टाहो फोडून रडायला लागला. कादरभाई ताडकन उठला. त्याने ॲम्प्लिफायरवर तळहात ठेवून बघितला, दोन्ही पेट्यांना कान लावला, आणि समाधानाने माझ्याकडे वळला.

“घाबरू नका साहेब. मशीन एकदम ठीक आहे. आवाज तिकडूनच फाटका आलाय.”

मिहिर जमिनीवर लोळून हसत होता. जाईबाई म्हणाली, “आगं बया, दादा तवाबी असंच व्हय?” आणि चारू, आठवडाभर माझ्याशी धड न बोललेली माझी बायको, डोळे पुसत पुसत इतकी हसली की तिला उचकी लागली. सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांनी रिकाम्या खुर्चीच्या हातावर थोपटलं.

“हेच ऐकायचं होतं मला,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला रागावताना यांचा आवाज कसा भरून यायचा. बाकी कुणावर तो तसा लागला नाही. मागे घ्या, पुन्हा लावा.”

मी उठायला लागलो.

“श्रीपादराव, तुम्ही नको,” सासूबाई म्हणाल्या. “कादरभाई लावतील.”

मी खाली बसलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

“मी रागावलेलो नाही,” मी म्हणालो. (तीस वॅटच्या आत राहून.)